वरून छत, खालून वाट

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. ज्यांच्यावर हे गुदरलं ते माझे सख्खे मेहुणे. आज कुडाळजवळच्या आमच्या गावी ओसरीवर बसून असतात आणि कुणी विचारलं तर स्वतःच्या तोंडाने सांगतात. कुणी विचारत नाही, ती गोष्ट वेगळी.

भुतं रात्रीच येतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी तर हे वाचावंच.

दिवस होता शुक्रवार, १४ जून २०२४. जागा ओमान. आणि वेळ... दुपारचे साडेबारा.

उत्तमभावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, मंगलाताईचे यजमान. एकोणीस वर्षं त्यांनी तिकडे काढली. घर अल खौदला. मुलगी ज्ञानदा तिथल्याच इंडियन शाळेत, बारावीच्या उंबरठ्यावर. भावोजी डोंगराच्या पायथ्याशी एका मोठ्या फार्मवर सुपरवायझर होते. मालकाला, म्हणजे अर्बाबला, तितरांचं भारी वेड. कुंपण घालून त्याने आत शेकडो तितर सोडले होते. थंडीत पाहुणे ससाणे घेऊन शिकारीला यायचे. उन्हाळ्यात पाखरांची वीण व्हायची.

आता तितर पाळायचे म्हणजे दाणे फेकले की झालं, असं नसतं. त्या पाखराला आधी लपायला जागा लागते. ती जागा साकिबचाचा करायचा.

साकिबचाचा सिंधचा. साठीला टेकलेला. बोरीची जाळी कुठे वाढवायची, मधे बाजरीचे पट्टे कुठे पेरायचे, तळातला झाडोरा किती काढायचा नि किती ठेवायचा, हे सगळं त्याच्या बोटांत होतं. त्याचा मंत्र एकच.

"ऊपर छत, नीचे रास्ता."

वरून इतकं दाट की घारीला दिसू नये. खालून इतकं मोकळं की पाखराला पळता यावं. रोज सकाळी कोयती घेऊन तो जाळीत शिरायचा आणि तिरक्या, स्वच्छ घावांनी एवढ्याएवढ्याशा वाटा कोरत बसायचा.

भावोजी वाईट माणूस होते का? नाही. मी त्यांच्या घरचं मीठ खाल्लंय, खोटं कशाला बोलू? पण त्यांना टापटिपीचा सोस आणि अर्बाबचा धाक. वरच्यापुढे जो फार वाकतो, तो खालच्याला वाकवल्याशिवाय राहत नाही.

२०२३चा जून. ईदला पाहुणे येणार होते. मोठी जाळी भावोजींच्या डोळ्यांत खुपत होती. ते म्हणाले, खालचं सगळं रान साफ कर, बगिच्यासारखं दिसलं पाहिजे.

"साहब, अंदर अंडे हैं," साकिबचाचा म्हणाला. "एक महीना रुक जाओ. अभी काटा तो माँ उड़ जाएगी. धूप में अंडे पक जाएँगे."

"अंडा साइड में रखो. आज के आज खलास करो. यल्ला!"

शुक्रवार होता, बाकीचे कामगार सुट्टीवर. उन्हाळ्यात भर दुपारी माणसाला उघड्यावर राबवायला तिथे कायद्याने बंदी आहे. भावोजींना ते पाठ होतं. तरी त्यांनी म्हाताऱ्याला जाळीत उतरवलं आणि बिघडलेला ग्रासकटर पिकअपमध्ये टाकून ते गाला नावाच्या गॅरेजवाल्या वस्तीकडे निघाले. पाण्याचा कूलर पिकअपमध्येच होता.

म्हाताऱ्याने मागून हाक मारली. "साहब, पानी..."

"आधे घंटे में आता हूँ."

पंपघर तिथून दीड किलोमीटर. पन्नासच्या जवळचं ऊन.

गालाच्या गॅरेजात कॉस्मास भेटला. वसईचा, जुना दोस्त. "काय रे, जेवल्याशिवाय जातो काय?" म्हणत जवळच्या सीब गावात घेऊन गेला. तळलेली सुरमई, थंडगार ताक, गप्पा. भावोजी परत आले तेव्हा साडेतीन वाजले होते.

साकिबचाचा जाळीतच सापडला. कुशीवर झोपल्यासारखा.

अंगात सदरा नव्हता. तो त्याने काढून एका घरट्यावर पसरला होता. अंड्यांना सावली म्हणून.

पोलिसांना भावोजींनी सांगितलं, "मी मना केलं होतं. त्याने ऐकलं नाही."

बस्स. एवढं एक वाक्य. सगळ्यांनी मान डोलावली. म्हातारा हट्टी होता, आपल्याच मर्जीने उन्हात गेला, असं कागदावर आलं. आठवड्याने त्याच्या मुलाचा फोन आला. तो शिव्या देत नव्हता, रडतही नव्हता. एवढंच म्हणाला, "अब्बा ने कभी हुक्म नहीं तोड़ा, साहब."

भावोजींनी फोन कट केला. खरं बोलले असते तर तुरुंग होता. नोकरी गेली असती, ज्ञानदाचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं असतं, मंगलाताईचा संसार उघड्यावर पडला असता. त्यांनी खोटं घट्ट धरून ठेवलं.

मग जाळी गप्प झाली.

आधी पहाटेचं ओरडणं थांबलं. मग पाखरं दिसेनाशी झाली. पीस नाही, रक्त नाही, कुंपणाला भोक नाही. भावोजींनी नवी बाजरी पेरली, बोरीची रोपं लावली, दोनशे पिल्लं आणून सोडली. आठ दिवसांत एक उरलं नाही. दाणे जसेच्या तसे. पाणी जसंच्या तसं.

फक्त एक गोष्ट रोज बदलत होती...

जाळीच्या तळाशी वाट दिसू लागली होती. झाडोरा कुणीतरी कापत होतं. तिरके, स्वच्छ घाव. कापलेल्या काड्यांतून ओला चीक गळत असायचा.

कामगारांना विचारलं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. दुपारी साडेबारा ते साडेतीन त्या बाजूला कुणी फिरकतच नव्हतं.

डिसेंबरात ती वाट वीतभर उंच होती.

मार्चमध्ये गुडघ्याएवढी.

जूनमध्ये माणूस रांगत आत जाईल एवढी...

तितराला एवढी वाट लागत नाही.

ईद तोंडावर आली तसा अर्बाब स्वतः आला. रिकामी जाळी बघून म्हणाला, पाहुणे यायच्या आत पाखरं दिसली नाहीत तर तू तुझ्या घरी जा. भावोजींच्या पायांखालची वाळू सरकली. त्यांनी धनंजयला फोन लावला. धनंजय आमच्याच वाडीतला, सीबच्या एका हॉटेलात कुक.

"धनू, नारळ घेऊन ये. गाऱ्हाणा घालूचा हा."

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. काही अडलं की नारळ ठेवून त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालतात. एकजण मागणं मागतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार भरतात. आणि गाऱ्हाण्यात एक मागणं असतंच असतं. ज्याने वाकडं केलं त्याला धर.

ज्याने वाकडं केलं त्यानेच हे मागायचं नसतं. एवढी अक्कल भावोजींना असायला हवी होती. पण वर्षभर घोकलेलं खोटं त्यांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं, की अर्बाबच्या भीतीने ते सगळंच विसरले होते, कोण जाणे.

शुक्रवारी दुपारी बारा वाजून गेले होते. वारा पडलेला. भावोजींनी वाटेच्या तोंडाशी नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, हे जागेच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!" धनंजयने होकार दिला.

"ही पाखरां जेच्यामुळे गेली, जेना हय वाकडा केला..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका तू सोडू नको. तेका हयच्या हय धर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि मग...

जाळीच्या आतून, अगदी हळू...

"व्हय म्हाराजा."

धनंजय सांगतो, आवाज थकलेला होता. घसा कोरडा पडलेल्या माणसाचा.

दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात आत तितर ओरडला. वर्षभरात पहिल्यांदा. मग दुसरा. मग आठ-दहा.

"इली रे पाखरां!" भावोजींचा चेहरा उजळला.

"उत्तमदा, आत जाव नको. ता पाखराचा वाटना नाय."

"गप रे. बघून येतंय."

ते ओणवे झाले आणि वाटेत शिरले. धनंजयने घड्याळ पाहिलं. बारा पस्तीस.

जाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीस पावलं. पण भावोजी रांगत राहिले... रांगत राहिले... वाट वळत राहिली. वर छत इतकं दाट की आभाळ दिसेना. उकाड्याने अंग भाजत होतं. तितर पुढे ओरडत होते, प्रत्येक वेळी थोडे लांब.

मग ते थांबले.

आणि मागे आवाज आला.

खस्स...

कोयतीचा.

खस्स... खस्स...

भावोजींनी वळून पाहिलं. मागे वाट नव्हती. जिथून आले तिथे काट्यांची भिंत होती.

"साहब..." कानाशी कुणीतरी म्हणालं. "आपने मना किया था?"

"हाँ," भावोजी ओरडले. "हाँ, मना किया था!"

खस्स. छत हातभर खाली आलं. ते पोटावर पडले. काटे पाठीत रुतले.

"आपने मना किया था?"

"हाँ!"

खस्स. आता मान उचलता येईना. तोंडात वाळू गेली.

"मना किया था, साहब?"

भावोजी सांगतात, तेव्हा त्यांना ज्ञानदा आठवली नाही, मंगलाताई आठवली नाही. फक्त म्हातारा आठवला, पिकअपच्या मागे हात वर करून उभा. आणि त्यांना रडू फुटलं.

"नहीं... मना नहीं किया. मैंने ही भेजा था. मेरी गलती है, चाचा. माफ करो!"

कोयती थांबली.

सगळं शांत झालं. भावोजींना वाटलं, सुटलो. खरं बोललो, आता सोडेल.

बराच वेळ काही नाही...

मग तोच आवाज, आणखी जवळून.

"और पानी?"

त्यापुढचं त्यांना आठवत नाही.

बाहेर धनंजय हाका मारून मारून रडकुंडीला आला होता. तो सांगतो, भावोजींचे पाय आत गेले आणि वाटच दिसेनाशी झाली. नुसती गच्च जाळी. सुट्टीवरच्या कामगारांना गोळा करून चारी बाजूंनी कापत जायला साडेतीन वाजले. ते मधोमध सापडले, कुशीवर. श्वास चालू होता. अंगात सदरा नव्हता. तो त्यांनी काढून एका रिकाम्या खळग्यावर नीट पसरला होता. कधी पसरला, का पसरला, त्यांना माहीत नाही.

त्या संध्याकाळी जाळीत तितर परत आले. धनंजयने डोळ्यांनी पाहिले. पिल्लांसकट.

शुद्धीवर आल्यावर भावोजींनी अर्बाबला बोलावून सगळं सांगितलं. मग पोलिसांना. मग साकिबचाचाच्या मुलाला फोन करून, आपण होऊन. तो ऐकून म्हणाला, "मुझे मालूम था," आणि फोन ठेवला. पुढे जबाब, कोर्ट, शिक्षा. या वर्षी ते गावी परतले. ज्ञानदाची शाळा मधेच सुटली. ती वडिलांशी अजून धड बोलत नाही.

पण मी हे लिहायला बसलो त्याचं कारण वेगळंच आहे.

त्या तीन तासांच्या उष्णतेने भावोजींच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आणि ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांना ठाऊक असेल, त्याला पाणी मोजून द्यावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलंय, दिवसाला अर्धा लिटर. दारात काठोकाठ भरलेली विहीर, आणि भावोजी जिभेवर बर्फाचा खडा ठेवून बसतात. तहान लागली की लहान मुलासारखे रडतात. मंगलाताई तोंड फिरवून आत जाते.

ती दुपारचं पाणी स्टीलच्या छोट्या पेल्यात मोजून ठेवते. दीडशे मिली. साडेबाराच्या सुमाराला पेला रिकामा होतो. भावोजी शपथेवर सांगतात, मी प्यालो नाही. आम्ही म्हणायचो, पितात आणि विसरतात.

मागच्या शुक्रवारी मी मुद्दाम त्यांच्यासमोर बसलो. पेला आमच्या दोघांच्या मधे. त्यांचे दोन्ही हात मी माझ्या हातांत धरून ठेवले होते. साडेबारा वाजले.

पेल्यातलं पाणी हलत हलत कमी होत गेलं. सावकाश, घोटाघोटाने... तळ दिसेपर्यंत.

भावोजींचे ओठ कोरडेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पेल्याच्या पलीकडे, रिकाम्या ओसरीकडे बघत हलकेच म्हणाले, "और चाहिए, चाचा?"

मंगलाताईने दुसरा पेला भरून आणला. मी तिला अडवलं नाही.