कोचची पारख

भिंतीवरच्या प्रमाणपत्राची चौकट डावीकडे किंचित झुकली होती. काचेवर धूळ नव्हती. म्हणजे ती रोज पुसली जात असावी, फक्त पुसणारा हात एकाच बाजूला जास्त जोर लावत असावा. ती सरळ करायचा मोह आवरून शिवलीला खुर्चीत बसली.

कॉलेजातली नोकरी सोडून गुळाच्या तपासणीची स्वतःची लॅब काढावी की नाही, ह्या प्रश्नानं तिच्या डोक्याचा भुगा झाला होता. मैत्रीण म्हणाली, "एखाद्या लाइफ-कोचकडे जा. पुण्यात सगळे जातात हल्ली." म्हणून शाहूपुरीतल्या ह्या माडीवर ती आली होती. जिना चढताना खालचे स्पेअरपार्टचे दुकानदार बाळासो ओरडलेच, "ओ ताई, धाव्वीच्या क्लासची चौकशी काय? क्लास न्हाय त्यो! सर नुसतं प्रश्न इचारत्यात, उत्तर तुमचं तुमीच द्यायचं. वर फीबी घेत्यात की!"

"हे प्रमाणपत्र कशाचं?" तिनं विचारलं.

"कोर्स पूर्ण केल्याचं," समोर बसलेला कोच, धवल, म्हणाला. "कोच म्हणून मान्यता मिळाल्याचं नव्हे."

"फरक काय?"

"ड्रायव्हिंग स्कूल आणि लायसन्स, एवढा. मान्यतेसाठी माणसांबरोबर कामाचे तास भरावे लागतात, मेंटॉर आपलं काम ऐकून चुका काढतात, मग परीक्षा. माझे तास अजून भरायचेत."

ह्याआधी ती दोघांकडे जाऊन आली होती. एकाच्या नावामागं इंग्रजी अक्षरांची मालगाडी होती. ती कुठल्या संस्थेनं दिली विचारल्यावर त्यानं चहा मागवला. दुसऱ्यानं महिन्यात आयुष्य बदलून द्यायची हमी दिली. ह्यानं मात्र आपल्याजवळ काय नाही, ते आधी सांगितलं.

"आणि तुम्ही चुकलात, तर तक्रार कुठं करायची?"

त्याचे कान लाल झाले. "हे… आजवर कुणी विचारलं नव्हतं." त्यानं मान्यता देणाऱ्या संस्थेची आचारसंहिता पुढं सरकवली. तिनं ती घरी नेऊन दोनदा वाचली.

मग त्याच्याकडचे शनिवार सुरू झाले.

"तुम्ही कधी सरळ सल्ला देता का हो?" तिनं एकदा विचारलं.

"सल्ला हवाय, की मी दिल्यावर वाद घालायचाय?"

"…वाद."

थंडीत गुऱ्हाळं पेटली, तोवर तिनं राजीनामा दिला. वडिलांच्या अडतीच्या माडीवर लॅब सुरूही झाली. प्रश्न सुटला. तरी शनिवार काही सुटेना.

"आज बोर्डाच्या रंगाबद्दल बोलायचंय," ती म्हणाली.

"तो गेल्या शनिवारी ठरला."

"हो का?… मग पडद्यांच्या."

धवल हसला. "तुमच्या हाताला गुळाचा वास येतोय."

"नमुने फोडून आले. वाईट आहे?"

"नाही…" तो खिडकीबाहेर बघत राहिला. "मला तुम्हाला दुसऱ्या कोचकडे पाठवायला हवं, शिवलीला. महिन्यापूर्वीच पाठवायला हवं होतं. मेंटॉरनी तसं बजावलं होतं."

"त्यांना काय सांगितलंत तुम्ही?"

"की एका क्लायंटसाठी मी रविवारपासूनच वाट बघायला लागतो… पुढच्या शनिवारची."

खाली बाळासो कुणाशी तरी क्लचप्लेटवरून भांडत होते. ती पदराच्या काठाकडे बघत म्हणाली, "क्लायंटशी तसं नातं चालत नाही. वाचलंय मी."

"मान्यतेचा अर्ज पुढच्या आठवड्यात जायचाय. संस्थेपासून हे लपवून मिळवलेल्या कागदाला काय अर्थ? आणि तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही यायच्या थांबला असता… म्हणून रोज उद्यावर ढकललं."

शिवलीलाही ढकलतच होती. घरी स्थळं येत होती. लॅबचं कारण सांगून ती परतवत होती. लॅब सुरू झाल्यावर सांगायला कारणही उरलं नव्हतं.

"तुम्हाला नेमकं काय हवंय?" सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं.

"कोच म्हणून विचारताय?"

त्यानं हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "नाही."

"मग ऐका. आजपासून तुम्ही माझे कोच नाही. तसं मेंटॉरना आजच कळवा." ती उठून उभी राहिली. "आणि उद्या घरी या. बाबांना मी सांगणार आहे… लग्न करीन तर तुमच्याशीच."