दुसरा पंखा

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट आमच्या साडूंच्या दुकानात घडलीय. गेल्या वर्षी, रविवारी, भर दुपारी. आणि साडू म्हणजे भुताखेतांचा विषय निघाला की ‘थोतांड’ म्हणून ताटावरून उठणारा माणूस!

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. साडू आणि त्यांचे थोरले भाऊ, दादा, दोघे मिळून चालवायचे. त्यांची एक रीत होती. मशीन उघडण्याआधी दादा विचारायचे, "पिन काढली?"

साडू टेबलाखाली वाकून भिंतीतली पिन ओढायचे. "काढली."

मगच दादा आत हात घालायचे.

तरीही दादा शॉक लागूनच गेले.

"मी बाहेर गेलो होतो," साडूंनी दादांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, सांगितलं. "दादांनी एकट्यानेच मशीन उघडलं. पिन तशीच राहिली."

वर्षभर वहिनी नवऱ्याच्या नावाने चिडत होत्या. "एवढी कसली घाई होती यांना!"

त्या रविवारी त्या दादांचं जुनं मशीन घेऊन आल्या. "धूळ खात पडलंय, भाऊजी. काही कामाचं असेल तर काढून घ्या."

साडूंच्या जुन्या मशीनमध्ये दोन प्रोसेसरची सोय होती. एक जागा रिकामीच. दादांचा प्रोसेसर अगदी जोडीचा निघाला. साडूंनी तो बसवला, त्याच्यावर त्याचा छोटा पंखा बसवला, मशीन सुरू केलं. पडद्यावर दोन चौकोन आले, एकेका प्रोसेसरचं काम दाखवणारे.

"बघा वहिनी, फुकटात दुप्पट!"

पण काहीच काम चालू नसताना दुसऱ्या चौकोनातली रेघ चढायला लागली...

शंभर टक्के. तिथेच थांबली.

साडूंनी मशीन बंद केलं. पडदा काळा झाला. पहिला पंखा थांबला.

दुसरा फिरतच राहिला...

साडू वाकले. वायर हाताने चाचपत थेट मशीनपर्यंत आले, खात्री केली, पिन ओढली.

पिन त्यांच्या हातात. पंखा फिरतोय.

"पिन काढली का?" वहिनींनी घाबरून विचारलं.

"काढली."

पंख्याचा वेग वाढला...

"काढली, वहिनी! ही बघा!"

टेबल थरथरायला लागलं. आणि मग साडू एकदम रडायलाच लागले.

"त्या दिवशी नव्हती काढली. मी इथेच होतो. दादांनी विचारलं, मी न बघताच शेजारच्या मशीनची पिन ओढली... आणि म्हणालो, काढली."

पंखा थांबला.

वहिनींनी साडूंकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मशीनवर वाकल्या. हळूच म्हणाल्या, "उगाच बोलले हो तुम्हाला वर्षभर."

पिन साडूंच्या हातातच होती.

पंख्याने सावकाश एक फेरा घेतला...

तो प्रोसेसर काढायची हिंमत साडूंना अजून झालेली नाही. वहिनी आता रोज दुकानात येऊन बसतात. साडूंनी कुठलंही मशीन उघडायला घेतलं की विचारतात, "पिन काढली?"

साडू पिन आणून त्यांच्या हातात ठेवतात.

परवा मी तिथे होतो. पिन हातात घेऊनही वहिनी बराच वेळ त्या पंख्याकडेच बघत होत्या. मी चहा अर्धा टाकून निघालो.