सकाळी जड, दुपारी हलकं

छावणीच्या वळणावर राखाडी फियाट वळली, पण अर्धीच. उरलेलं वळण तिने चहाच्या टपरीसमोरच्या बाकाला धडकून संपवलं. बाकावरचा तरुण कपासकट बाजूला उडाला. चहा मात्र सांडला नाही.

"लागलं का हो?" काच खाली करत उत्तराने विचारलं. डिसेंबरची सकाळ, शब्दांबरोबर तोंडातून वाफ निघाली.

"मले नाही. बाकाले विचारा."

"माझी चूक नाही. हे स्टेअरिंग वळतच नाही."

"सगळे असंच म्हणतात, बाई."

"मग तुम्ही वळवून दाखवा!"

त्याने खिडकीतून हात घालून स्टेअरिंग ओढलं. ते जेमतेम हललं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पुढचे टायर त्याने बुटाने दाबून पाहिले. "हवा ठीक आहे. दुपारीही असंच राहते?"

"नाही ना! कॉलेज सुटल्यावर लोण्यासारखं फिरते. कामठीचा मिस्त्री मलेच हसून राहिला."

उत्तरा कामठीच्या सकाळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. दोनच दिवसांपूर्वी अशाच एका वळणावर तिने गवळ्याचे दुधाचे कॅन आडवे केले होते. तेव्हा तिच्या वडिलांनी, वामनराव वकिलांनी, निकाल देऊन टाकला: पोरीच्या मनगटात जोर नाही, सोमवारपासून ड्रायव्हर. हट्टाने शिकलेली गाडी... आता मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघायची?

हे सगळं तिने त्या अनोळखी माणसाला का सांगितलं, तिलाच कळलं नाही. त्याने मात्र पूर्ण ऐकून घेतलं.

"थंडीतला आजार थंडीतच पाहावा लागते," तो म्हणाला. "गाड्यांचंच काम करतो मी. मधुसूदन. उद्या सकाळी घरी येऊ?"

दुसऱ्या दिवशी तो धंतोलीत तिच्या घरी आला तेव्हा वामनराव फिरायला गेले होते. मधुसूदनने जॅक लावून पुढची चाकं उचलली. स्टेअरिंग जडच. म्हणजे टायरचा दोष नव्हता. मग चाकांकडे जाणारे दांडे सोडवले. तरीही जडच. "दोष स्टेअरिंग बॉक्सात," असं म्हणत त्याने वरचं बूच उघडलं.

आत पातळ ऑईल हवं होतं. होतं ग्रीस, वनस्पती तुपासारखं थिजलेलं. बुचाला लाल दोरा गुंडाळलेला होता. असा दोरा नागपुरात एकच माणूस गुंडाळायचा... तो स्वतः. दिवाळीआधी ही गाडी त्याच्या वडिलांच्या गॅरेजात आली होती. ऑईल गळत होतं, गळती अडवणारं नवीन रबरी सील मिळत नव्हतं, म्हणून त्याने ग्रीस भरलं. तेव्हाच्या उकाड्यात ते मजेत चाललं.

"सापडलं?" उत्तरा वाकली. तिची ओली वेणी त्याच्या खांद्याला लागली. "कोण्या गाढवाने भरलं हे?"

"...साफ करून देतो," तो म्हणाला.

काम रोज थोडं थोडं झालं. रॉकेलने बॉक्स धुतला, गिअर ऑईल भरलं. सील मुंबईहून यायचं होतं. त्याची वाट पाहताना रोज चाचणीची एक फेरी व्हायची. उत्तरा चालवायची, मधुसूदन शेजारी.

"तुम्ही रस्ता पाहून नाही राहिल्या."

"तुम्ही तरी कुठं पाहून राहिले?"

"मी... स्टेअरिंग पाहतो."

"स्टेअरिंग माझ्या हातात आहे, गालावर नाही!"

रविवारी सील बसलं. त्याच वेळी फाटकातून उद्यापासून कामावर येणारा ड्रायव्हर धोंडबा आत आला आणि त्याच्यामागून वामनराव.

"बाबा, गाडीतच दोष होता. आता बोटाने वळते," उत्तरा म्हणाली.

"ऊन पडलं म्हणून वळते. दिवाळीआधीच ढोबळेंनी काम केलं तिचं. त्यांच्या कामात दोष निघत नाही." वामनरावांनी चष्मा सरकवला. "तुम्ही ढोबळेंचेच चिरंजीव ना? सांगा हिले."

मधुसूदनने हातातलं फडकं घट्ट धरलं. गप्प राहिलं तर वडिलांचं नाव राहत होतं. उत्तराची गाडी जात होती.

"दोष होता काका. ऑईलऐवजी ग्रीस भरलं होतं, थंडीत थिजलं. मीच भरलं होतं. यांच्या मनगटाचा काही दोष नाही."

उत्तरा वळली. "तुम्ही? अन् पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर... दुसऱ्या दिवशी येऊ दिलं असतं?" त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "गाडीसाठी एकच दिवस आलो, उत्तरा. बाकीचे तुमच्यासाठी."

धोंडबाने टोपी काढून पुन्हा घातली. "मी निघू का, साहेब?"

"निघा," वामनराव म्हणाले. मग मधुसूदनकडे वळले, "आणि तुम्ही ऐका. आमची गाडी पुन्हा तुमच्या गॅरेजात येणार नाही."

"गाडी नका पाठवू, बाबा," उत्तरा म्हणाली. "मी जाईन."

दारात तिची आई, कुसुमताई, कधीची उभी होती.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "उन्हात उभं काहून ठेवलं त्याले? हात धुवायले पाणी दे वं, पोरी. घरी कोण कोण आहे, ते जेवताना विचारतो आम्ही."

उत्तराने तांब्या आणला. ती पाणी ओतत राहिली, तो हात चोळत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. तांब्या रिकामा झाला, तेव्हा तिने न विचारता दुसरा भरून आणला.