ब्रेक कोणी धरला?

विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझ्या सख्ख्या भावाने ठेवला नाही, तुम्ही तर परके. पण जे लिहितेय त्यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

भुतं रात्री येतात, असंच तुम्ही आजवर वाचलं असेल.

आमच्याकडे आलं ते भर दुपारी.

मागच्या वर्षीचा मे महिना. जळगाव, पिंप्राळ्यातली आमची कॉलनी. जळगावची मे महिन्यातली दुपार ज्याने पाहिली नाही, त्याला सांगून कळायची नाही. बारा वाजले की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. कूलरचा आवाज तेवढा प्रत्येक घरातून येत राहतो.

मी हिना. आमचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. घरात मी, माझा नवरा अखिल आणि सासूबाई तारादेवी, म्हणजे आमच्या मम्मीजी. इथे लिहिताना मी खुशाल 'अखिल आला, अखिल गेला' म्हणतेय. घरात 'तुम्ही' म्हणावं लागतं, कारण मम्मीजींचे कान फार तिखट.

अखिलला एकच खूळ. गाड्या.

त्याने नाशिकहून एक जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार आणली. वयाने माझ्यापेक्षा थोडीच लहान असेल. इंजिन झकास. पळायला लागली की मागे बघायला वेळ नाही. पण ब्रेक? दाबायचा आणि नवकार म्हणायचा, असला ब्रेक.

एकदा आकाशवाणी चौकात पुढे केळीचा ट्रक थांबला. अखिलने ब्रेकवर अक्षरशः उभं राहून गाडी थांबवली. ट्रकची मागची फळी आमच्या काचेपासून हातभर अंतरावर होती.

त्या दिवशी मी बजावलं, "ब्रेक बदलल्याशिवाय ही गाडी गावाबाहेर काढायची नाही. काढलीत तर मी सावद्याला माहेरी जाईन. मला नवरा हवाय, फोटोला हार घालायची हौस नाही."

अखिलने मुकाट मान डोलावली. कारण घाई त्यालाच होती. पुढच्या महिन्यात संभाजीनगरला जुन्या गाड्यांचं संमेलन होतं, आणि वाटेत अजिंठ्याचा घाट.

बाहेरून तयार ब्रेकचा सेट मागवायचा, तर त्यात गाडीच दुसरी आली असती. मग आमच्या मेकॅनिकने, पितांबरभाऊंनी, स्वस्तातली युक्ती काढली. ह्याच कंपनीची एक मोठी, जड गाडी यायची. तिच्या पुढच्या डिस्क मोठ्या, डिस्क पकडणारे कॅलिपर मोठे, आणि बोल्ट मात्र त्याच मापाचे. भंगारात ती गाडी मिळाली की काम झालं. पॅड, रबरी नळ्या आणि ऑइल तेवढं नवीन घालायचं.

धुळ्याला हायवेलगत एका भंगारवाल्याकडे तशी एक पांढरी गाडी निघाली. अपघातातली. पुढची चाकं शाबूत, बाकी चेंदामेंदा. अखिल आणि पितांबरभाऊ जाऊन माल घेऊन आले.

येताना दोघांत काहीतरी बिनसलं होतं. पितांबरभाऊ आमच्याकडे चहाला थांबले नाहीत. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या पोर्चमध्ये काम सुरू झालं. सकाळपासून डिस्क बसल्या, कॅलिपर बसले. शेवटचं काम राहिलं ते नळ्यांमधली हवा काढायचं.

हे काम दोन माणसांचं असतं. एक जण ड्रायव्हरच्या सीटवर बसून पेडल दाबतो. दुसरा चाकापाशी बसून निप्पल उघडतो, मग ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून सगळं आवाजावर चालतं.

अखिल ऑइलची आणखी एक बाटली आणायला स्कूटरवर गेला होता. म्हणून सीटवर मला बसवलं.

"भाभी, पंप करा... धरा."

"धरला."

"सोडा."

पहिल्यांदा पेडल अगदी मऊ लागत होतं, लोण्यात पाय गेल्यासारखं. पितांबरभाऊ डाव्या चाकाच्या आत डोकं घालून, पोत्यावर बसले होते. मला त्यांची फक्त चप्पल दिसत होती.

तेवढ्यात गच्चीवरून मम्मीजींची हाक आली, "हिना! पापड उडाले!"

वावटळ सुटली होती. मी धावले. पितांबरभाऊंना ओरडून सांगितलं की येतेच मी. कूलरच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नसावं.

गच्चीवर आम्ही दोघी पापड गोळा करत होतो. खालून आवाज आला.

"पंप करा... धरा."

मी हसले. वेडा माणूस, रिकाम्या गाडीशी बोलतोय, असं मनात म्हणाले.

आणि मग...

"धरला."

पुरुषाचा आवाज. खोल, दमलेला.

मला वाटलं अखिल आला. बरं झालं, म्हणून मी निवांत पापड उचलत राहिले. खाली काम चालूच होतं. पंप करा. धरा. धरला. सोडा. मग जागा बदलल्याचा आवाज, म्हणजे उजवं चाक. पुन्हा तेच.

पापडाची परात घेऊन खाली आले, तर पितांबरभाऊ सगळं काम उरकून हात पुसत उभे.

"बठ्ठी हवा निघी गई, भाभी. तुमना पाय भलता जड शे. आवाज मात्र बसेल दिखस. उन्हामुळे का?"

मी पोर्चमध्ये पाहिलं.

अखिलची स्कूटर नव्हती.

"पितांबरभाऊ, मी वर होते," मी म्हणाले. "केव्हाची."

ते हसले. मग माझ्या हातातली परात पाहिली. हसू गेलं.

"मी ते तुमनासंगेच बोली ऱ्हायंतू. मंग 'धरला' कोन बोलनं?"

मी गाडीजवळ गेले. ड्रायव्हरचं दार बंद होतं. मी उतरताना उघडं टाकलं होतं, हे मला पक्कं आठवतं. ते उघडलं. आत पायाशी, मॅट खराब होऊ नये म्हणून वर्तमानपत्र अंथरलं होतं. मी तर अनवाणी बसले होते.

वर्तमानपत्रावर... बुटाच्या टाचेचा खळगा होता. कागद फाटेपर्यंत खोल.

मी वाकून हाताने पेडल दाबून पाहिलं. दगडासारखं घट्ट. हात काढला.

आणि ते माझ्या डोळ्यांदेखत... हळूच, स्वतःहून खाली गेलं. खालीच राहिलं.

मी मागे सरकत भिंतीला जाऊन टेकले.

पितांबरभाऊ मला धरून ओट्यावर घेऊन आले. तिथे त्यांनी धुळ्याची हकीकत सांगितली. त्यांच्या धंद्यात एक रीत आहे म्हणे. अपघातातल्या गाडीचा माल काढायचा, तर आधी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडायचं.

"पहिले मानुसले उतारना पडस, मंग माल काढना. दरवाजा उघडाना आन् म्हनानं, 'उतरा भाऊ, गाव उनं.' त्याले ध्यान नही राहत ना भाभी, आपन कव्हय गयूत ते. तो गाडी चालाडतच राहस."

म्हणजे आपण मेलोय हेच त्याला कळत नाही, म्हणून गाव आलं असं सांगून त्याला उतरवायचं. "मग तुम्ही म्हणालात का?"

"दरवाजा जाम व्हता. मी म्हटलं, पहार लाऊन उघाडू. अखिलभाऊ म्हने, आपल्याला ब्रेक न्यायचेत, दरवाजा नाही."

हे वाक्य शंभर टक्के माझ्या नवऱ्याचं. कुठूनही ओळखलं असतं.

संध्याकाळी अखिल आणि माझं जोरात वाजलं. तो म्हणाला, उन्हाने डोकं फिरलंय दोघांचं. पेडल नव्या सीलमुळे खाली गेलं असेल. मी म्हटलं, काढून टाका ते ब्रेक. तो म्हणाला, "तूच म्हणालीस बदला. बदलले. आता आयुष्यात बसवले नसतील इतके भारी ब्रेक बसलेत, तर काढा?"

खरं सांगते, ब्रेक भारीच होते. कॉलनीत त्याने चालवून दाखवली. नुसतं बोट लावलं की गाडी जागच्या जागी थांबायची.

हट्टी माणसाला अडवता येत नाही, फार तर सोबत जाता येतं. संमेलनाला मी त्याच्याबरोबर गेले. काही झालंच तर दोघांना होऊ दे, एवढाच माझा विचार.

जाताना काही झालं नाही. घाट चढलो, संमेलन झालं, अखिलच्या लाल गाडीचे लोकांनी फोटो काढले. मला माझीच लाज वाटायला लागली होती. दुपारी जेवून परत निघालो.

अजिंठ्याचा घाट उतरायला लागलो.

पहिल्या वळणावर अखिल म्हणाला, "बघ, लोण्यासारखी थांबते."

दुसऱ्या वळणावर गाडी आणखी हळू झाली.

"एवढी हळू कशाला?" मी विचारलं.

अखिलच्या कपाळावर घाम आला होता, एसी चालू असताना.

"हिना... खाली बघ."

मी खाली पाहिलं. त्याने दोन्ही पाय मागे ओढून घेतले होते. सीटला टेकवले होते.

पेडल खाली दाबलेलं होतं.

गाडी थांबली. वळणाच्या अगदी पुढे, रस्त्याच्या मध्यात. इंजिन बंद पडलं. अखिलने पायाने पेडल वर उचलायचा प्रयत्न केला. हलेना. चावी फिरवली, ॲक्सिलरेटर दिला. गाडी जागची सरकेना.

आणि मागून, वरच्या वळणावरून ट्रकचा हॉर्न ऐकू आला.

"उतरा!" मी ओरडले. माझं दार उघडलं, मी बाहेर उडी मारली.

अखिल उतरेना. तो दाराला खांदा मारत होता. त्याच्या बाजूचं दार... जाम झालं होतं. इतकी वर्षं ते दार एकदाही अडकलं नव्हतं. माझ्या बाजूने निघावं, तर पट्टा सुटेना.

हॉर्न जवळ येत होता. वळणाआड ट्रकवाल्याला आम्ही दिसणार नव्हतो.

मी गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरलं. आणि काय सुचलं देव जाणे, मी जिवाच्या आकांताने बोलले,

"उतरा भाऊ. गाव आलं."

मग, आतून... अखिलच्या तोंडाजवळून, पण अखिलचा नाही... तोच खोल, दमलेला आवाज.

"कोणतं?"

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गाव विचारतात, हे पितांबरभाऊ बोलले नव्हते.

डोक्यात काहीही नव्हतं. त्याचं गाव मला काय माहीत? धुळ्याच्या भंगारातल्या गाडीचा माणूस, कुठला कोण. ट्रकचा हॉर्न कानात, नवरा समोर अडकलेला. आणि लग्न झाल्यापासून प्रत्येक रिक्षावाल्याला जे सांगत आलेय, तेच तोंडातून निघालं.

"पिंप्राळा."

दार उघडलं. इतकं हलकं, की मी मागे पडता पडता वाचले.

माझ्या अंगाला काहीतरी घासून गेलं. त्या उन्हात गार.

पेडल वर आलं. गाडी उतारावरून आपोआप सुटली. अखिलने स्टिअरिंग वळवून ती कडेच्या मातीत घातली, हँडब्रेक ओढला. मी दरीच्या कठड्याला चिकटून उभी होते. ट्रक दोघांच्या मधून धडधडत निघून गेला. ट्रकवाल्याने शिव्याही घातल्या.

अखिल उतरून रस्त्यावरच खाली बसला. मी त्याला धरून रडले. तोही रडला. तो माणूस वडील गेले तेव्हासुद्धा रडला नव्हता.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने सगळे ब्रेक काढून पितांबरभाऊंच्या हवाली केले. ते परत ठेवायला धुळ्याला गेले, तर ती पांढरी गाडी तोवर दाबून, चौकोन करून कुठेतरी रवाना झालेली. भंगारवाल्याला मालकाचं नाव माहीत नव्हतं. गावही नाही.

अखिल म्हणतो, त्याने 'कोणतं' हा शब्द ऐकलाच नाही. माझं 'पिंप्राळा' मात्र ऐकलं. "ते कोणाला सांगितलंस?" एवढंच त्याने एकदा विचारलं. नंतर विषय काढत नाही. लाल गाडी नाशिकवाल्यालाच परत दिली. नवरा माझा जिवंत आहे, दुकानात जातो, येतो, मम्मीजींशी भांडतो. तक्रार करायला जागा नाही.

पण दुपारी मला झोप लागत नाही.

मे महिना पुन्हा आलाय. कॉलनीतले सगळे दारं लावून पडलेले असतात. मी हॉलमध्ये बसून असते, फाटक दिसेल अशी. अजिंठ्याच्या घाटातून पिंप्राळ्यापर्यंत पायी यायला किती वेळ लागत असेल, हे मी एकदा मोबाइलवर बघत होते. अखिलने मोबाइल हातातून काढून घेतला.

मला त्याची भीती वाटते, असं नाही. बिचारा उतरला. माझा शब्द खरा मानून उतरला, माझ्या नवऱ्याला सोडलं. कुणी घरी वाट बघत असेल, म्हणूनच उतरला असणार.

तो इथे पोचला, घरं बघत बघत आमच्या दारात थांबला, तर त्याला काय सांगू? की भाऊ, हे तुमचं गाव नाही?