तिसऱ्या बोटाची जागा

"काका, एकदा खाली बसवलेली गाडी पुन्हा उठते का?"

हा प्रश्न चाकवाल्यांच्या दुकानात, चारचौघांत, खणखणीत आवाजात विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. भोंगाला जमणार नाही म्हणे! वक्तृत्वाचा कप घरी आणल्यापासून तिची भीड पार चेपली होती, आणि वर्गानं तिला 'भोंगा' हे नाव काही उगाच ठेवलं नव्हतं. तिघी मैत्रिणी दाराआड तोंडावर हात दाबून उभ्या होत्या.

चाकवाले काका टायर उतरवत होते. त्यांनी हसतच वर पाहिलं. ही कोणाची मुलगी ते त्यांच्या लक्षात आलं आणि हसू तिथंच थांबलं.

"गाडी उठेल गं," ते म्हणाले. "आधी वडिलांना उठव."

मैत्रिणी गुपचूप घरी गेल्या. भोंगा मात्र हलली नाही, कारण ती खरी त्याच कामासाठी आली होती. तिनं दप्तरातून वही काढली.

घरामागच्या शेडमध्ये दादाची गाडी होती. दीड वर्षापूर्वी त्यानं तिच्या स्प्रिंगा बदलल्या आणि ती इतकी खाली बसवली, की शेजारचे विचारायचे, गाडी दमली का रे? आता रुंद रिम घालायच्या होत्या. त्यासाठी त्यानं शेडच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं : चारही चाकांना तीन बोटं जागा. टायर आणि मडगार्ड यांच्यामधली जागा तो पट्टीनं नाही, बोटांनीच मोजायचा. मागच्या डाव्या चाकाची मोजत असताना जॅक सरकला आणि गाडी त्याच्या अंगावर आली. गाडी उचलली तेव्हा दादा गेलेला होता, हात मात्र मडगार्डच्या आतच होता.

त्या दिवसापासून बाबा शेडमध्ये होते. जेवायला घरात यायचे, झोपायला यायचे, पण नुसतेच यायचे. एक रिम बसवायची, बोटं घालून पाहायचं, मान हलवायची, रिम काढायची. त्यांच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं रबरानं कायमची काळी झाली होती. आई त्यावरून धुसफुसायची. ती स्वतः शेडकडे ढुंकूनही पाहत नसे. गाडी एकदाची जाऊ दे डोळ्यांसमोरून, एवढंच तिचं म्हणणं.

बाबांचं म्हणणंही एकच होतं. चारही चाकांना तीन बोटं बसली, की शेडला कुलूप लावीन आणि कामावर जाईन.

भोंगाला दूरच्या एका वसतिगृहाच्या शाळेत प्रवेश मिळाला होता. सोमवारी होय-नाही कळवायचं होतं. ह्यांना असं टाकून तू कशी जाशील, असं आई म्हणाली होती. म्हणून तिनं ठरवलं, हे दुःखबिःख काही नाही, गणित आहे. आणि गणितात तिला कोण अडवणार?

ऑफसेटचं, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं त्याचं, गणित तिनं चार दिवसांत पचवलं. आकडा कमी केला की चाक बाहेर येतं, वाढवला की आत जातं. जुनी रिम सात इंची, ऑफसेट पंचेचाळीस. नवी आठ इंची. म्हणजे दोन्ही अंगांना जवळजवळ तेरा मिलिमीटर जास्त. ऑफसेट बेचाळीस घेतला तर बाहेर सोळा, आत दहा. कुठंच घासत नाही. टायर पन्नासऐवजी पंचेचाळीसचा, म्हणजे बुटक्या कडेचा, घेतला तर वर एक सेंटिमीटर सुटतो. बरोब्बर तीन बोटं.

काकांनी वही वाचली. परत वाचली.

"हाच आकडा मी तुझ्या वडिलांना पहिल्याच महिन्यात दिला होता," ते म्हणाले. "दर वेळी ते दुसराच मागून नेतात."

बाबांचा गोंधळ उडाला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

रविवारी सकाळी काका चारही चाकं घेऊन आले. शेडचं दार सताड उघडं होतं, ऊन थेट भिंतीवरच्या खडूपर्यंत आलेलं. बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिले. काकांनी नट आवळले, गाडी जमिनीवर उतरवली. तिनं बोटं घातली. पुढचं उजवं, तीन. पुढचं डावं, तीन. मागचं उजवं, तीन. ती जवळजवळ नाचतच डावीकडे आली.

दोन.

तिसरं बोट जाईना. तिनं टॉर्च मारला. आत काहीच नव्हतं. काळा पत्रा, टायर आणि मध्ये मोकळी हवा. तिनं पट्टी लावली. सत्तेचाळीस मिलिमीटर. बाकीच्या तिन्ही चाकांनाही सत्तेचाळीसच होते.

"काका, तुम्ही बघा."

काकांनी हात घातला. क्षणभर ते तसेच वाकून राहिले. मग त्यांनी हात काढला, पँटला पुसला, परत पुसला. चहाला न थांबता ते निघून गेले. जॅक तिथंच विसरले.

"नाही ना जमलं?" बाबांनी विचारलं.

त्यांच्या आवाजात निराशा नव्हती. ते तिच्या ध्यानात आलं. दीड वर्ष चुकीचे आकडे मागून आणणारा माणूस गोंधळलेला नव्हता.

बाबा घरात गेले. ती एकटी गाडीपाशी उकिडवी बसली.

तिनं पुन्हा दोन बोटं घातली. घाई केली नाही.

लहानपणी शाळेत सोडताना दादा तिचा अख्खा हात कधी धरायचा नाही. पहिली दोन बोटं तेवढी मुठीत घ्यायचा. रस्त्याच्या कडेला आलं की दोनदा दाबायचा. म्हणजे थांब.

रबर गार होतं. पत्रा गार होता.

त्यांच्यामधली जागा गार नव्हती.

तिनं श्वास रोखला.

बोटांभोवती काहीतरी सावकाश मिटलं.

एकदा दाबलं.

दुसऱ्यांदा.

ती घरात आली तेव्हा आई-बाबा टेबलाशी बसले होते. तिनं उजवा हात टेबलाखाली ठेवला. आईनं पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. काचेवर आईच्या बोटांचे दोन ठसे उमटले होते, काळे. बाबांनी ते पाहिले आणि नजर खिडकीकडे वळवली.

ती खूप वेळ त्या ठशांकडे पाहत राहिली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. वर्गात कोणाला ऐकूही गेला नसता इतका तिचा आवाज लहान होता. "वसतिगृहाला नाही म्हणून कळवा. चौथ्या चाकाचं माप अजून जमत नाहीये."