चाळीस मिलिसेकंद

बुधवारच्या घंटा बंद करा, असं सांगायला मी मनोऱ्याचा जिना चढले होते.

वेदरकोम गावात राहायला येऊन चारच दिवस झाले होते. खोली चर्चच्या अगदी समोर. नोकरी डेअरीच्या प्रयोगशाळेत, पहाटे पाचची पाळी. आणि इकडे संध्याकाळभर सहा घंटा डोक्यावर आदळतायत! भाषण तयार करूनच मी वरच्या खोलीचं दार ढकललं. कुणीतरी माझी बाही धरली आणि मला बाकावर बसवलं.

"शू... पाय आत घे. दोरात अडकलीस तर छताला जाशील."

समोर सहा माणसं गोल करून उभी होती, सहा दोर वरखाली धावत होते. कुणीच बोलत नव्हतं. फक्त मधूनच एक म्हातारा गृहस्थ ओरडायचा, "दोन, तीनच्या मागे!" की दोन माणसांच्या नजरा हलायच्या आणि सूर बदलायचा. खाली कर्कश वाटणारा तो आवाज इथं... काय सांगू, इथं तो मोजून-मापून विणल्यासारखा होता.

"तक्रार करायला आलीस ना?" बाही धरणारा कानाशी कुजबुजला. त्याच्या स्वेटरला सुक्या गवताचा वास होता.

"तुला कसं कळलं?"

"चेहरा. शिवाय समोरच्या खोलीत राहायला येतो तो प्रत्येक जण वर येतोच. गेल्या वेळी एक दंतवैद्य होता."

"मग?"

"मग काय, आता पाचवी घंटा वाजवतो तो."

हा डेन्झिल लस्कम. घरांची गवती छपरं शाकारायचा, आणि चौथी घंटा वाजवायचा. त्या फेरीला तो बाहेर बसला होता.

पुढच्या बुधवारी मी दोर धरला. शिकवायला तोच. आमच्या मनोऱ्यात घंटा नुसती हलवत नाहीत. ती तोंड वर करून उभी करायची, मग पूर्ण गिरकी घेऊन ती पुन्हा उभी राहते. दोराचं टोक एका ठोक्याला आणि दोरावरचा लोकरीचा जाड पट्टा दुसऱ्या ठोक्याला हाती येतो. नवशिक्याला दोन्ही एकदम जमत नाही. म्हणून पहिले कित्येक आठवडे टोक मी ओढायची आणि पट्टा तो. दोर एकच, हात चार, समोरासमोर.

"माझ्याकडे बघू नकोस, दोराकडे बघ."

"दोर तुझ्यासमोरच आहे."

"मग मी जरा कुरूप व्हायचा प्रयत्न करतो."

"प्रयत्न कशाला?"

तो हसला, घंटा डळमळली, आणि कप्तान एंडकॉट कोपऱ्यातून गरजले, "डेन्झिल! पोरीला घंटा शिकवतोयस की नाच?" क्लिफर्ड एंडकॉट म्हणजे तोच ओरडणारा म्हातारा. चाळीस वर्षं टपाल वाटलं, आता हुकूम वाटायचे.

दीड वर्षाने मला संघात तिसरी घंटा मिळाली. सुरुवातीचा क्रम एक ते सहा, म्हणजे डेन्झिलची चौथी माझ्या लगेच मागे. मग हुकूम सुटायचे आणि क्रम फिरत जायचा. कधी मी त्याच्या मागे, कधी आमच्यामध्ये कुणीतरी. स्पर्धेच्या साठ हुकुमांत तो अकरा वेळा थेट माझ्या मागे येतो. हो, मोजलंय. तो येईपर्यंत मी वाट बघायची, आणि गेला की पुन्हा वाट बघायची. बाकी आठवडा दुधातलं फॅट मोजायचं.

बोलत मात्र काहीच नव्हतो. सरावानंतर पबमध्ये सगळ्यांसोबत सायडर, थट्टा, आणि दारात "बरंय मग, टॅम्सिन" – "बरंय." बस.

एप्रिलमध्ये त्याने सांगितलं. नॉर्फकला दोन वर्षांचं काम मिळालंय, एका मोठ्या इस्टेटीची सगळी छपरं. तीनशे मैल लांब. घंटास्पर्धेची जिल्हा निवड फेरी शनिवारी, सोळा मेला. त्यानंतरच्या सोमवारी तो निघणार.

"नॉर्फकला?" कप्तानांचा चेहरा पडला. "तिकडे हुकूम देत नाहीत रे. कागदावरची आकडेमोड पाठ करून वाजवतात. टॅम्सिनसारखी माणसं."

"ऐकतेय मी, कप्तान."

"ऐक की. आणि तू, डेन्झिल, आपण अंतिम फेरीत गेलो तर जूनमध्ये परत येशील. शब्द दे."

"दिला. गेलो तर येईन."

गेलो तर! बारा संघांतून चार जाणार होते. माझ्यासाठी आता त्या 'तर'मध्ये सगळं होतं. गेलो, तर तो जूनमध्ये दिसेल. नाही, तर...

मग मला जे जमतं ते मी केलं. सराव फोनवर ध्वनिमुद्रित केला आणि घरी प्रत्येक ठोक्याची वेळ काढली. आमच्या स्पर्धेत सगळा खेळ अंतराचा. दोन ठोक्यांमधली जागा सारखी हवी, नाहीतर दोष. माझे दोष होते, कप्तानांचेही होते. डेन्झिल जवळजवळ अचूक. फक्त एक अपवाद. तो माझ्या मागे आला की चाळीस मिलिसेकंद उशिरा यायचा. पापणी मिटायला जेवढा वेळ लागतो, त्याचा तिसरा हिस्सा. पण दर वेळी.

मी दोनदा तपासलं. शिक्षकाची काळजी असेल, म्हणून ग्वेनचे आकडे काढले. दुसरी घंटा वाजवणाऱ्या ग्वेनलाही त्यानेच शिकवलं होतं. तिच्या मागे तो काटेकोर होता.

तो माझ्यासाठी थांबत होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आनंदाने, आणि मग भीतीने. कारण हा उशीर परीक्षकांना ऐकू जाणार. अकरा वेळा दोन ठोके, म्हणजे दोष लागायच्या बावीस संधी. तो असाच थांबत राहिला, तर तो परत येणार नाही.

शेवटच्या सरावानंतर मी त्याला पबच्या बाहेर भिंतीशी गाठलं आणि कागद पुढे केला.

"हे काय? माझ्या हृदयाचा आलेख?"

"तुझ्या घंटेचा. हे सगळे ठिपके रेषेवर आहेत. आणि हे अकरा..."

"वर आहेत."

"हं. हे माझ्या मागे असतानाचे."

त्याने कागद उजेडाकडे धरला. त्याचे कान लाल झाले. मी मुद्दाम ग्वेनबद्दल काही बोलले नाही.

"मला कळलंच नव्हतं," तो हळूच म्हणाला. "तुझा ठोका नीट पडला ना, ते ऐकतो मी... आणि मग हात सुटतो."

"माझा ठोका आता नीट पडतो, डेन्झिल."

"ते माहीत आहे मला."

"मग थांबू नकोस."

केवढं मोठं वाक्य निघालं तोंडातून! मला म्हणायचं होतं, थांब... किती हवं तेवढं थांब. पण अंतिम फेरी हवी होती.

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. "बरं. नाही थांबणार."

शनिवारी आमचा क्रम सातवा निघाला. परीक्षक चर्चच्या मागे, पडदे लावलेल्या गाडीत. कोण वाजवतंय ते त्यांना कळता कामा नये. आम्ही जिना चढलो. कुणी नाक शिंकरलं, कुणी तळहात पुसले. कप्तान म्हणाले, "पोरांनो, छान वाजवा. नाहीच जमलं तर मोठ्याने तरी वाजवू नका."

घंटा उभ्या केल्या. क्रम लागला. एक, दोन, मी... आणि डेन्झिल.

अचूक.

इतका अचूक की मी दचकले. इतके दिवस माझ्या ठोक्यामागे एक इवलीशी ऊबदार जागा असायची, हे ती गेली तेव्हा कळलं. त्याच्याकडे पाहिलं, तर तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. हुकूम येत गेले. तो लांब गेला, परत माझ्या मागे आला. पुन्हा अचूक, पुन्हा भिंत. मी सांगितलं होतं तसंच.

आणि मग माझ्या हातांनी मला न विचारता काहीतरी केलं. दोर वर गेला तेव्हा मी तो किंचित जास्त जाऊ दिला. माझा ठोका उशिरा पडला. उशिरा, म्हणजे पुढच्या ठोक्याच्या जवळ. म्हणजे त्याच्या जवळ.

मी सावरले. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. कप्तानांची भुवई वर गेली. मी दात आवळून मोजत होते, आकडे बरोबर होते, आणि हात मात्र त्याच्याकडे झुकत होते.

सगळ्या संघांचं वाजवून झालं आणि सभागृहात चहाला मोठी रांग लागली. स्कोनच्या गोड पावावर आधी साय, मग जॅम; माझा तसाच बशीत राहिला. मुख्य परीक्षक बाई खुर्चीवर चढल्या आणि शेवटून निकाल वाचू लागल्या. पाचव्या स्थानावर क्रमांक सातचा संघ. चौथ्याहून अर्ध्या दोषाने मागे.

"चौथी घंटा आज दिवसभरातली सर्वोत्तम," बाई म्हणाल्या. "तिसरी मात्र पुन्हापुन्हा चौथीच्या अंगावर पडत होती."

सगळं सभागृह खदखदून हसलं. ग्वेनला चहाचा ठसका लागला. कप्तानांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग डेन्झिलकडे, आणि टोपी डोक्यावर ओढून ते म्हणाले, "अरे देवा. आणि मी समजत होतो, दोर खराब झालाय."

मी बाहेर पळाले. डेन्झिल मागे आला नाही. तो रविवारीही दिसला नाही.

सोमवारी सकाळी साडेआठला पाळी अर्धवट सोडून मी सायकल थेट त्याच्या गल्लीत नेली. गाडी भरलेली होती, टपावर शिड्या बांधलेल्या, आणि इंजिन चालू. मला बघून त्याने काच खाली केली.

"मी तुला काय तोंड दाखवणार होतो?" तो म्हणाला. "एवढं नीट वाजवलं, आणि त्यानेच बिघडलं."

"तू नाही बिघडवलंस. मी बिघडवलं. मीच तुला थांबू नकोस म्हटलं, आणि मग..."

इंजिन घरघरत होतं.

"जूनमध्ये ये," मी म्हणाले.

"अंतिम फेरीत आपण नाही, टॅम्सिन."

"माहीत आहे."

"मग कशासाठी येऊ?"

माझ्याकडे आलेख नव्हता. पुरावा नव्हता.

"माझ्यासाठी," मी म्हणाले. "जूनमध्ये, जुलैमध्ये, जमेल तेव्हा. मला तू हवा आहेस."

त्याने किल्ली फिरवून गाडी बंद केली.

नॉर्फकला चार वाजायच्या आत पोहोचायचं, तर नऊला निघायला हवं होतं. तो दुपारी दोनला निघाला.