टेपच्या शेवटापर्यंत

"थांब! आत घालू नकोस ती!"

फिनलंडमधल्या नुरमेस गावच्या वाचनालयात इतक्या मोठ्यानं कोणी ओरडत नाही. सायमीचा हात जागच्या जागी थिजला. हातात जुनी व्हीएचएस कॅसेट, समोर टेप संगणकात उतरवायचं यंत्र... आणि मागून धावत आलेल्या एका उंच तरुणानं कॅसेट तिच्या हातातून चक्क हिसकावून घेतली.

"हा काय प्रकार आहे?" सायमी कडाडली. "तीन तासांचं बुकिंग आहे माझं!"

"माहितीये. मीच लिहून घेतलंय. मी ओइवा, हे यंत्र मीच सांभाळतो." त्याला धाप लागली होती. "ही कुठे ठेवली होती आजवर?"

"मावशीच्या लाकडी कोठारात. पंचवीस वर्षं."

"आणि बाहेर उणे बावीस! हात लावून बघ, नुसता बर्फ झालाय. अशीच आत घातलीस की टेपवर दव धरणार, ती यंत्राला चिकटणार आणि मग... तुकडे." तान्हं बाळ ठेवावं तशी त्यानं ती कॅसेट टेबलावर ठेवली. "दोन तास ऊब लागू दे तिला. तोवर आपण कॉफी घेऊ."

"आपण?"

"म्हणजे... तू घे. मीही घेणारच होतो."

तो कानापर्यंत लाल झाला. सायमीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. इतक्या लवकर हसायची तिची रीत नव्हती.

पहिला अर्धा तास दोघं काहीच बोलले नाहीत, आणि त्यात दोघांनाही काही वावगं वाटलं नाही. तिनं बन संपवला, त्यानं कॉफी पुन्हा ओतली. त्याची बोटं लांबसडक होती, आणि कप ठेवताना तो जराही आवाज करत नव्हता. आपण हे बघतोय हे लक्षात येताच सायमी खिडकीबाहेर बघायला लागली. मग आपणहूनच म्हणाली, "आईचा आवाज आहे म्हणे त्यात."

ओइवानं हातातला कप खाली ठेवला.

"मी दीड वर्षाची असताना गेली ती. मी तिचा आवाज कधी ऐकलेलाच नाही. म्हणजे ऐकला असेल, पण..." तिनं कप फिरवला. "बाबा तिचं नावसुद्धा घेत नाही. शनिवारी साठावा वाढदिवस आहे त्याचा. त्याला हे दाखवायचंय. बघेल की उठून जाईल, देव जाणे."

"वाढदिवसाला माणसं येतील ना घरी?"

"छे! पेपरात जाहिरात दिलीये त्यानं. 'वाढदिवशी प्रवासात.' म्हणजे, कोणी येऊ नका."

"आणि जाणार कुठे आहे?"

"स्वयंपाकघरात. पडदे ओढून बसणार."

ओइवा खो खो हसला. त्याच्या आजोबांनी तर तीनदा असा प्रवास केला होता. तिसऱ्यांदा बिचारे पलंगाखाली लपले होते.

दोन तासांनी त्यानं कॅसेटला गालाशी धरून पाहिलं आणि मान डोलावली. "आता आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे. इतकी वर्षं गुंडाळून पडलेली टेप थेट चालवायची नसते. ताण बसतो तिला." यंत्र घरघरलं. सायमी जंगलात अठरा टनांचं लाकूडतोडीचं यंत्र एका हातानं फिरवणारी बाई! पण ती घरघर ऐकताच तिनं टेबलाची कड घट्ट धरली. टेप तुटली, तर आई दुसऱ्यांदा जाणार होती.

पडद्यावर मुंग्या आल्या. मग रेघा. मग... तळं, हिरवं कुरण, आणि लाल रुमाल बांधलेली एक बाई.

ओइवानं आपल्या कानांवरचा हेडफोन काढून तिच्या हातात दिला. "आधी तू ऐक," एवढं बोलून त्यानं खुर्ची वळवली आणि तिच्याकडे पाठ केली.

"प्त्रुई — प्त्रुई... हेलुना-आ-आ... ओमेना-आ-आ..."

आई गाईंना हाक मारत होती. आवाज उंच गेला, तळ्यावरून पलीकडे पोचला, कुठल्याशा टेकडीला लागून परत आला. किती मोठा आवाज होता! एवढ्याशा बाईच्या अंगात तो मावत तरी कसा होता? सायमीच्या अंगावर सरसरून काटा आला. आपल्या आवाजातला हा खरखरीतपणा बाबाकडून आला असावा, असं तिला आजवर वाटायचं. तो इथून आला होता. तिनं न बघताच हात लांब केला आणि ओइवाची बाही धरली.

"तूही ऐक."

एका हेडफोनला दोन डोकी टेकली. त्याचे केस तिच्या गालाला लागत होते. गाई डुलत डुलत कुरण उतरल्या आणि पडदा पुन्हा मुंग्यांनी भरला.

"वेळ झाली का तुमची?" पुढच्या बुकिंगचा म्हातारा दारात उभा होता. सायमीनं घाईघाईनं रेकॉर्डिंग थांबवलं, डोळे पुसले, फाइल आपल्या लॅपटॉपवर घेतली आणि निघाली. कॅसेट मात्र टेबलावरच राहिली. रात्री ओइवाचा निरोप आला: माझ्याकडे आहे, काळजी करू नकोस.

मग आठवडाभर निरोपच निरोप.

"चौसष्ट जीबीच्या पेनड्राइव्हवर नऊ जीबीची फाइल मावत नाही. असं कसं?"

"जागेचा प्रश्न नाही. जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला ड्राइव्ह चार जीबीच्या वरची फाइल घेतच नाही. आतलं सगळं आधी दुसरीकडे ठेव, मग एक्सफॅट निवडून फॉरमॅट कर."

"झालं! जादूगार आहेस."

"लोकांना सांग हे. इथे सगळे मला फक्त प्रिंटरवाला समजतात."

बुधवारी तिनं कापलेला व्हिडिओ मेलनं पाठवायचा प्रयत्न केला, तो जाईना. "मेलनं नको, क्लाउडवर चढव आणि मला लिंक दे," तो म्हणाला. लिंक आली. त्यानं उघडली आणि ताबडतोब फोन केला.

"बाईसाहेब, तुम्ही फक्त एडिटिंगचा प्रोजेक्ट पाठवलाय, व्हिडिओ नाही."

"मग?"

"मग काय! ही नुसती पाककृती झाली. बटाटे कुठायत?"

"बटाटे पेनड्राइव्हवर... आणि तो मी काढून ठेवला. म्हणूनच का माझ्याकडे सगळं लाल दिसतंय?"

"म्हणूनच. मूळ फाइल आणि प्रोजेक्ट एकाच फोल्डरमध्ये ठेवायचं, आणि काम चालू असताना तो फोल्डर हलवायचा नाही. किती हुशार आहेस तू!"

"टोमणे नकोत हं. एक दिवस तुला माझ्या यंत्रात बसवते, मग बघू कोण हुशार ते."

"कधी?" तो लगेच म्हणाला. आणि मग दोघंही गप्प... पण ही शांतता त्या कॉफीच्या वेळची नव्हती. हिच्यात जीव अडकत होता.

शनिवार उजाडला. बाबा, म्हणजे वेइयो तुरुनेन, पडदे ओढून प्रवासाला बसला होता. सायमीनं पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. टीव्हीनं उत्तर दिलं: ही फाइल चालत नाही.

"अगं, सोड ना ते," बाबा म्हणाला. तो आधीच अर्धा उठला होता. "मी जरा लाकडं फोडून येतो."

"बाबा, पाच मिनिटं! बस!"

तिनं ओइवाला लिहिलं. उत्तर नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. नेमका आजच कुठे तडमडलाय हा! बाबा बूट घालायला लागला. सायमीला रडू फुटायच्या बेतात होतं, तेवढ्यात अंगणात गाडी थांबली.

प्रवासातल्या माणसाच्या दारात कोणी जात नाही. उभ्या फिनलंडमध्ये जात नाही. ओइवा आला. दारातच बर्फ झटकत, बूट काढत उभा राहिला.

"मी प्रवासात आहे," बाबा कडक आवाजात म्हणाला.

"हो, पेपरात वाचलं. मी पाहुणा नाही. दुरुस्तीला आलोय."

बाबानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटत खुर्चीत बसला. एक पाय मात्र बुटातच होता.

"तुझा निरोप आला तेव्हा मी वाटेतच होतो. जुन्या टीव्हीला साधी एमपी-फोर फाइल लागते," ओइवा हळूच सायमीला म्हणाला. "तशी आधीच करून आणलीये. आणि... अजून काहीतरी आहे. सोमवारी आपण मुंग्या आल्यावर थांबवलं ना? थांबवायचं नसतं. टेप कोरी दिसली तरी शेवटपर्यंत चालू द्यायची. काल मी चालवली. अकरा मिनिटं नुसत्या मुंग्या... आणि मग..." त्यानं खिशातला पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. "तू बघच."

पडद्यावर तळं आलं, गाई आल्या. बाबा भिंतीकडे बघत होता. पहिली हाक उठली आणि त्याची मान आपोआप वळली. मग ते नवं चित्र आलं. हेच अंगण, संध्याकाळचं ऊन, आई पायरीवर, कडेवर झोपलेली इवलीशी सायमी. आईनं तोंडाशी हात धरला. तोच सूर, तोच उंच चढलेला आवाज, शेताच्या पार टोकापर्यंत:

"वेइयो-ओ-ओ... ये रे घरी-ई-ई..."

"आलो गं," बाबा म्हणाला.

तो उभा राहिला होता. आपण काय बोललो हे त्याला कळलंही नव्हतं. कळलं तेव्हा तो टीव्हीजवळ गेला आणि पडद्यावर हाताचा तळवा टेकवला. "सिर्कू," तो म्हणाला. "माझी सिर्कू." सायमीनं आयुष्यात पहिल्यांदा बाबाच्या तोंडून आईचं नाव ऐकलं. ती त्याला जाऊन बिलगली. त्या आवाजानं पंचवीस वर्षं ओलांडून बाबाला उठवलं होतं.

"पुन्हा लाव," बाबा म्हणाला. मग पुन्हा. मग पुन्हा.

ओइवा हळूच बाहेर सटकला. सायमी कोटही न घालता त्याच्या मागे धावली.

"न सांगता निघालास?"

"घरचा क्षण आहे तुमचा. मी..."

"ओइवा, मला तू आवडतोस." सायमीनं एका दमात सांगून टाकलं. श्वासाची वाफ दोघांच्या मधे तरंगत राहिली. "खूप आवडतोस. आता तू बोल काहीतरी. नाहीतर मी इथेच गोठून मरेन."

त्यानं आपला कोट काढून तिच्या खांद्यांवर घातला. त्या लांबसडक बोटांनी त्यानं वरचं बटणही लावलं.

"सायमी," तो म्हणाला, "चाळीस किलोमीटर बर्फातून आलोय मी. नुसती फाइलच द्यायची असती, तर लिंक नसती का पाठवली?"